माप चुकलं म्हणे

“हेपण दोन मिलिमीटर मोठं,” मॅनेजर पाहुण्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगत होता, आणि आमचे हे हसत होते. इतकं हसताना मी ह्यांना आयुष्यात दोनदाच पाहिलं. त्यातल्या एकदा मी जिन्यावरून घसरले होते.

मी डबा घेऊन फाउंड्रीच्या दारात उभी. आमचे हे तिथले पॅटर्नमिस्त्री. रेल्वेच्या इंजिनाचा जो भाग हवा तो आधी लाकडात घडवायचा, वाळूत दाबून काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड गार होताना आकसतं. म्हणून लाकूड जरा मोठं ठेवतात. त्यासाठी ह्यांची पट्टीच वेगळी, मीटरमागे बोटभर लांब. लग्नानंतर ह्यांनी त्याच पट्टीनं पलंग केला. तो खोलीत बसेना. भिंत फोडली, पलंग आत घेतला, परत भिंत बांधली. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, भिंतीला अजून पोट आहे.

पाहुणा साधी पट्टी घेऊन आला होता. त्याच्या देशाचं पूर्वी आमच्यावर राज्य होतं. ते गेले तेव्हा माझ्या आईनं उंबरा सात वेळा धुतला होता. आता ते बंदुकीऐवजी बॅग घेऊन आले. सरकारला कर्ज हवं होतं, आणि अट अशी की, त्यांचा माणूस आमचे कारखाने तपासणार. माल दर्जाचा नसला तर फाउंड्री बंद, आणि इंजिनाचे भाग त्यांच्याकडून विकत घ्यायचे. एकशे दहा चुली त्या भट्टीवर पेटत होत्या.

“अरे, सांग की त्यांना,” हे मॅनेजरला म्हणाले. रंधा कसा धरायचा ते त्याला ह्यांनीच शिकवलेलं. “लाकूड नको, हा ओतलेला भाग मोजा म्हणावं. केसभर फरक निघाला तर मिशी काढीन.”

मॅनेजर पाहुण्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. पाहुण्यानं मान हलवली आणि वहीत लिहिलं.

“झालं सांगून? एवढ्यात?”

“सांगितलं, काका.”

मला राहवेना. मी डबा खाली ठेवला, लाकडी पॅटर्न आणि लोखंडी भाग पाहुण्यासमोर शेजारी शेजारी मांडले, आणि थंडीनं कुडकुडल्यासारखं अंग चोरून आकसून दाखवलं. “असं! गार झालं की असं होतं, बाबा!” पाहुणा गोड हसला. त्यानं माझा फोटो काढला.

तो गाडीत बसून गेल्यावर ह्यांनी मॅनेजरला आवारात गाठलं.

“तू सांगितलं नाहीस.”

“काका, सांगून काय होणार होतं? त्यांच्याकडून भाग घ्यायच्या करारावर सही मागच्याच महिन्यात झाली. मंत्री स्वतः विमानानं गेले होते. ह्याला फक्त कारण लिहून न्यायचं होतं.”

“मग मोजत कशाला बसला?”

“मोजल्याशिवाय ते लिहीत नाहीत. नियमाचे पक्के आहेत.”

हे म्हणाले, “दुसरं कारण द्यायचं होतंस रे. भट्टी जुनी झालीय, छप्पर गळतं. माप चुकलं असं कशाला?”

मॅनेजर बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

दोन महिन्यांत फाउंड्रीला कुलूप लागलं. परदेशातून खोकी आली. उगाच कशाला नावं ठेवू, आतले भाग चांगले होते. पण एखादा मोडला की दुसरा येईपर्यंत गाडी चार-चार महिने उभी. तिच्या डब्यांत कोंबड्या अंडी घालायच्या, आणि स्टेशनमास्तर म्हणे त्यांनाही तिकीट मागायचा.

यंत्रं लिलावात गेली. लाकडी पॅटर्न कोणी घेईना, म्हणून कामगारांना जळणाला न्या म्हणून सांगितलं. ह्यांनी हातगाडीच्या दोन खेपा केल्या. सगळे पलंगाखाली रचले. मी वर्षभर हात लावला नाही. मग एक दिवस घरात गॅस नाही, रॉकेल नाही, आणि धाकटी लेक तापानं फणफणलेली, तिला गरम पाणी हवं.

ह्यांनीच वाकून एक पॅटर्न काढला. फडक्यानं पुसला. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्या हातात दिला.

लगेच पेटला. धूर म्हणून नाही.

“सात वर्षं सावलीत वाळवलेलं आहे,” हे म्हणाले, आणि पाण्याचं भांडं जाळावर नीट मधोमध सरकवलं.