संगणकाला रुईची माळ

शिंगणापुरात दुकानाला दार नसतं, त्यामुळे त्या शनिवारी श्रीमंतच्या रसवंतीत घुसणारी गर्दी अडवायची सोयच नव्हती. आत उसाच्या चरकाशेजारी गावातला एकुलता एक संगणक होता. त्याला कुणीतरी रुईच्या पानांची माळ घातली होती. एक म्हातारी तर तेलाची वाटी घेऊन पुढे सरकत होती.

"आजे, तेल नको! आतनं जळंल समदं!" श्रीमंत दोन्ही हात आडवे करून ओरडत होता.

ही एकोणीसशे नव्व्याण्णव सालची गोष्ट. मी तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते. रंगुबाईच्या मोनिकाला फिट यायच्या, आणि माझ्या गोळ्यांनी वर्षभर त्या थांबल्या होत्या. त्या सकाळी कळलं की चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात, का तर संगणकात बाबा आला! या गोळ्या एकदम तोडल्या तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. मी तडक रसवंती गाठली.

"ह्यो बगा रंगुबाईच्या पत्त्यावर आल्याला ईमेल, मॅडम," श्रीमंत म्हणाला. गावातल्या लोकांना त्यानेच हौसेने ईमेलचे पत्ते काढून दिले होते. इंग्रजी मजकूर तो मराठी करून वाचू लागला, तेही कीर्तनकाराच्या थाटात. "'हे भाग्यवान आत्म्या! हिमालयात तप करून मी लंडनात दवाखाना काढला आहे. काल ध्यानात मला तुझं घर दिसलं. तिथं एक जीव फार दिवस आजारी आहे. त्याच्या गोळ्या ताबडतोब थांबव, नाहीतर माझी शक्ती माघारी फिरेल. औषधाच्या पार्सलचा खर्च आजच पाठव. डॉक्टरला काही सांगू नकोस.'"

"बगा!" रंगुबाई म्हणाली. "लंडनात बसून त्याला माजी पोर दिसली. तुमाला तर नळी लावावी लागती!"

तिने बोरमाळ पदराच्या गाठीत बांधून आणली होती. ती मोडून पैसे पाठवायचं ठरलं होतं.

"आणि खोटं असलं तर, रंगुबाई?"

"शनिम्हाराजांच्या गावाला खोटं कोन लिवील? आंधळा हुईल त्यो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. चोरी करणाऱ्याचे इथे डोळे जातात, अशी गावाची श्रद्धा. घराला कडी-कुलूप नाही, तसं शंका घेण्याचंही वळण राहिलेलं नव्हतं. बाकावर बसलेल्या मोनिकाचा डावा हात मधूनच झटका देत होता. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"श्रीमंत, रसवंतीच्या नावाचाही पत्ता आहे ना तुझा? तो उघड."

फोनच्या तारेने बराच वेळ किंचाळून घेतलं. मग अक्षरं उमटली. श्रीमंत ती मनातल्या मनात वाचू लागला.

"मोठ्यानं वाच."

"'हे भाग्यवान आत्म्या...'" त्याचा थाट आता उतरला होता. "'काल ध्यानात मला तुझं घर दिसलं. तिथं एक जीव फार दिवस आजारी आहे...'"

"आरं, चरकाला फिट येत्यात व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं आणि रसवंती हशाने भरून गेली. रंगुबाई मात्र हसली नाही.

"हे पत्ते तू कुठं दिले होतेस?" मी विचारलं.

"इंटरनेटवर एका परदेशी पानावर. गावाचा नमस्कार म्हनून समद्यांचे पत्ते टाकले हुते."

"तिथूनच उचलले. एकच मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, की हजारो पत्त्यांवर जातो. हजारो घरांत कुणीतरी आजारी असतंच! त्याला मोनिका दिसली नाही, शिंगणापूरही दिसलं नाही."

"पन मग त्याचे डोळे..." रंगुबाई पुटपुटली.

"त्याला काही झालेलं नाही, रंगुबाई. झालं तर तुझ्या पोरीला होईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. "गोळी आत्ता दिली तर चालंल?"

गोळ्या मी सोबत आणल्या होत्या. श्रीमंत पाण्याला धावला. मोनिकाने गोळी गिळली, आणि तिची आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. पण इतके दिवस तुटलेलं औषध एका गोळीने भरून निघत नाही, म्हणून मी दोघींना दवाखान्यातच ठेवून घेतलं.

संध्याकाळी मोनिकाला फिट आलीच, आणि ती लवकर थांबेना. सुई हाताशी होती म्हणून पोर वाचली. त्या वेळी ती घरी असती तर काय झालं असतं, या विचाराने मला अजूनही घाम फुटतो.

म्हणून हात जोडून सांगते. ज्या पत्रात घाई आहे, आधी पैसे मागितले आहेत आणि कुणाला सांगू नको असं बजावलं आहे, ते चार माणसांत मोठ्याने वाचा. लिहिणारा तुम्हाला ओळखतो की नुसता तुमचा पत्ता, एवढं एकदा तपासा. आणि पोराबाळांचं औषध अशा कुणाच्या सांगण्यावरून एक दिवसही तोडू नका.