दुर्बिणीचा ढिला स्क्रू

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. सध्या कोणाच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत होत नाही. माझ्या कामात ही मोठीच अडचण आहे.

माझा जन्म शिंपीकाकांच्या दुकानात झाला. दिवसभर पँटी आखूड करून उरलेल्या वेळात त्यांनी माझा आरसा घासला, नळी जोडली आणि मला परसात उभं केलं. मी चंद्र दाखवत होते तोवर गल्लीतली मुलं माझं कौतुक करायची. मग कोणी फिरकेना. मी जुन्या चादरीखाली दिवस काढू लागले.

काकांना मात्र एकच ध्यास होता. मरता तारा अंगावरचा वायू सोडून देतो, त्याचं कडं होतं. त्याला म्हणतात ग्रहीय तेजोमेघ. (ग्रहांशी त्याचा काही संबंध नाही. मी फक्त सांगतेय.) काकांना त्याचा फोटो हवा होता. येत होता नुसता अंधार.

शेवटी काकू म्हणाल्या, "अंधार मला डोळे मिटूनही दिसतो. या अमावास्येला आलं तर आलं, नाहीतर ही नळी भंगारात."

मी घाबरले. त्या रात्री माझा फोकसचा स्क्रू ढिला झाला, कॅमेरा जरासा घसरला आणि एका साध्यासुध्या ताऱ्याचं फुगून छान गोल कडं झालं.

"अगं, मिळाला!" काका अक्षरशः नाचले. काकूंनी फोटो फ्रेम करून दुकानात लावला. गिऱ्हाइकं बाहीचं माप देता देता विश्वाकडे बघू लागली. मी गप्प राहिले. मला तसंही बोलता येत नाही, पण मी मुद्दाम गप्प राहिले.

काही दिवसांनी काकूंनी गंमत म्हणून मला लांबच्या पाण्याच्या टाकीवरच्या दिव्याकडे वळवलं. त्याचंही तसंच गोल कडं दिसलं.

"अहो, टाकीवर पण एक तारा मेलाय. पाणी पिऊ ना?"

काकांनी बघितलं. स्क्रूला बोट लावलं, तर तो गरगर फिरला. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुकाट्यानं फ्रेम उतरवली.

"बोलव भंगारवाल्याला," ते म्हणाले.

काकूंनी शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर आणून त्यांच्या हातात ठेवला. "आधी आवळा. मग काढा परत."

या वेळी तांदळाच्या दाण्याएवढं, विटलेलं कडं आलं.

"एवढंसंच," काका पुटपुटले.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "हे खरं असणार. खोटं काढायचं असतं, तर एवढं फिकट कोणी काढलं असतं?"

मित्रांनो, घरात दुर्बीण असेल तर तिचे स्क्रू अधूनमधून आवळत जा. आणि तिच्यासमोर भंगाराचं नाव काढू नका. भ्यालेली दुर्बीण काहीही दाखवते.