सात नंबरच्या कप्प्यातली उरलेली जागा

मी प्रेमानंदचा आवाज मशीनमधून पुसला. हे मी म्हणालोच नाही. मशीन आहे तशीच आहे, प्रेमानंद आहे तसाच आहे, आणि गेल्या वर्षी तो मेहकर रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला, हेही कोणी फार मनावर घेऊ नये.

डोणगावच्या अलीकडे उत्तमरावांचं सोयाबीन खरेदी केंद्र आहे. ट्रॅक्टरांची रांग लागते आणि खांबावरचा भोंगा पुकारतो, ‘ट्रॉली नंबर सात, काट्यावर या.’ ती पुकारणारी मशीन कॉलेजात असताना मी आणि प्रेमानंदनं केली. तिची ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा आमचीच. मेमरी इतकी कमी, की जागेवरून आमची भावकीसारखी भांडणं व्हायची. मी म्हणायचो, ज्या पुकाऱ्याला जेवढी लागेल तेवढीच जागा देऊ.

‘मंग संध्याकाळलोक नुसत्या बारक्या फटी उरतीन,’ प्रेमानंद म्हणायचा. ‘जागा असून कोणाले पुरनार नाही. सगळ्यायले सारखे कप्पे दे. थोडी वाया गेली तं गेली.’

‘आन् कप्प्यात आधीच्यानं ठेवलेलं पुसाचं?’ मी विचारायचो.

‘पुसाले टाइम लागते बे. रांग उभी हाय.’

तसंच ठरलं. वाया गेलेल्या जागेत कोणी राहायला येईल, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

पुकारा आधी प्रेमानंदच्याच आवाजात होता. तो गेल्यावर उत्तमरावांनी त्यांच्या मुलीचा, काजलचा आवाज बसवला. सकाळी मशीन सुरू झाली की तपासणी म्हणून जुना आवाज कप्प्यांत भरते, मग तेच कप्पे काजलला देते. काजल भराभरा बोलते, त्यात ‘सात’ तर एवढासा. तिचा आवाज कप्प्याला पुरत नाही, पण मशीन कप्पा शेवटपर्यंत वाजवते. म्हणून सात नंबरला काजलचं झालं की मागून प्रेमानंद विचारायचा, ‘जेवला का बे?’

सात नंबर रेकॉर्ड केल्या केल्या त्यानं ते मला विचारलं होतं. माईक चालू राहिला होता. तो होता तोवर त्यावर सगळे हसायचे.

ज्याचा सात नंबर लागे, तो ट्रॅक्टरच पुढं घेईना. एकट्या तौसिफनं स्टिअरिंगवर बसून ‘हाव, जेवलो’ म्हणून सांगितलं आणि ट्रॉली काट्यावर घेतली. बाकीच्यांना तेवढं जमेना.

प्रेमानंदची आई, झुंबरबाई, मात्र रोज येऊन काट्याशेजारी बसू लागली. सात पुकारला की म्हणायची, ‘जेवली रे बापा.’ मग माझ्याकडं वळून, ‘मायले बे म्हनते. मेल्यावर बिघडला पोरगा.’

मी तिला तोच आवाज मोबाईलवर टाकून दिला. तिनं एकदा ऐकला आणि मोबाईल परत माझ्या हातात ठेवला. ‘हा मी बटन दाबलं की बोलते. थो आपल्या मनानं बोलते.’

उत्तमराव म्हणाले, ‘ऋत्विक, त्याले काढ आता. रांग अडून राह्यली. मेलेल्याले पगार नाही, तं ड्युटी काऊन?’

कप्पा दुसऱ्याला देण्याआधी पुसायचा, एवढी एकच ओळ मी टाकली. आता सकाळी मशीन सुरू व्हायला जास्त वेळ घेते. प्रेमानंद बरोबर होता, पुसायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सात पुकारला. काजल बोलून थांबली. मग कप्प्यातली उरलेली शांतता वाजली, बरोबर त्याच्या बोलण्याएवढी. ट्रॅक्टरवाला तरीही हलला नाही. झुंबरबाईनं भोंग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘आज काऊन बोलून नाही राह्यला?’

‘जेवत असंल, मावशी.’

‘मंग होऊ दे त्याचं,’ ती म्हणाली, आणि बसून राहिली. अजून बसते.

सबब, संबंधितांस नम्र विनंती की, सात नंबरच्या कप्प्यातील उर्वरित जागा कै. प्रेमानंद यांच्या नावे कायमस्वरूपी राखून ठेवण्यात यावी, ती अन्य कोणासही देऊ नये, आणि सदर जागा रिकामी असल्याचे त्यांच्या आईस कोणत्याही कार्यालयाने कळवू नये.