ती पट्टी यंत्राचीच आहे

मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे, आणि मित्रांनो, तुमच्यासमोर मान वर करून बोलावे असे माझ्याकडे फारसे काही नाही. तरी सांगते. गप्प राहून काय होते ते मी पाहिले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एक पडदा, एक कळफलक, चार चाके आणि वायरीच्या टोकाला मुठीत मावणारा प्रोब, एवढाच माझा देह. प्रोबच्या तोंडाशी बारीक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. प्रोब अंगावर टेकवला की ते आवाज सोडतात. तो तुम्हाला ऐकू येत नाही. आतल्या अवयवांवर आपटून तो परत येतो आणि माझ्या पडद्यावर चित्र उमटते. यकृत करडे दिसते, हाडे पांढरी दिसतात आणि रक्त काळे दिसते. हे शेवटचे लक्षात ठेवा.

मला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात ठेवले. तिथे पुरते डॉक्टर झालेले लोकही पुन्हा विद्यार्थी होतात. तातडीचे उपचार शिकून झाल्यावर आणखी एक वर्ष ते माझ्यासारख्या यंत्रावर हात बसवायला येतात. त्याला फेलोशिप म्हणतात. त्यांना शिकवायला मोठ्या मॅडम होत्या. चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि मग तोच शोधत फिरायच्या. दर गुरुवारी दुपारी त्या आठवड्याची सगळी चित्रे भिंतीवर लावत आणि एकेकाची झडती घेत.

"हे मूत्रपिंड आहे की बटाटा? हात एवढा थरथरतोय कशाला, पेशंट चावणार होता का तुला?"

सगळे हसत, पण शिकत. नऊ वर्षे मी अशी माणसे तयार होताना पाहिली. नवी यंत्रे आली, तरी मॅडम म्हणत, "माझा हात ह्याच्यावरच बसलाय." मला फार बरे वाटे.

मग प्रोब ठेवायची माझ्या बाजूची खोबण तडकली. कुणीतरी तिला चिकटपट्टी गुंडाळली. ती सुटली की दुसरी गुंडाळत. असे वर्ष गेले.

त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत एक डॉक्टर होती. चालतानाही धावल्यासारखी चाले, म्हणून सगळे तिला घाईबाई म्हणत. एका सोमवारी तिने प्रोब खोबणीत ठेवला, पाठ वळवली आणि चिकटपट्टी सुटली. प्रोब फरशीवर आपटला. तिने तो पुसून स्वतःच्या दंडावर लावून पाहिला. चित्र आले, पण मधोमध वरून खालपर्यंत एक काळी पट्टी दिसू लागली. तिथले स्फटिक मेले होते.

तिने लपवले नाही. सरळ जाऊन म्हणाली, "मॅडम, माझ्या हातून पडला."

"चित्र येतंय ना?"

"येतंय. एक पट्टी दिसतेय फक्त."

"मग चालेल. दुरुस्तीला पाठवलं तर महिनाभर तोंड दिसायचं नाही, आणि तुमची परीक्षा आलीय."

त्या गुरुवारी मॅडमनी सगळ्यांना बजावले, "ही पट्टी यंत्राचीच आहे बरं का. म्हातारपणाची सुरकुती समजा. तिच्याकडे बघू नका."

सगळे हसले. मलाही हायसे वाटले. जुने यंत्र एकदा भांडारात गेले की परत येत नाही. 'चालेल' हा शब्द मला त्या दिवशी गोड लागला. आज त्याची सर्वांत जास्त लाज वाटते.

सतराव्या दिवशी एक बाई आपल्या पायांनी चालत आली. घरी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढताना ती घसरली होती आणि टेबलाची कड तिच्या कुशीत लागली होती. सोबत नवरा होता. तो शिलाई मशिनी दुरुस्त करत असे, म्हणून शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता.

"मला काही झालेलं नाही हो डॉक्टर," ती म्हणाली. "ह्यांनाच घाबरायची हौस."

"डबा मी काढून देणार होतो," तो म्हणाला.

"देणार होतात. गेल्या महिन्यापासून देणारच होतात."

तो ओशाळला. मग त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. "ताई, ही खोबण तुटलीय. एक स्क्रू आणि पत्र्याचा तुकडा. पाच मिनिटांचं काम आहे."

"अहो, इथं तरी नको," बायको हसून म्हणाली. "बसा गप्प."

तो गप्प बसला.

घाईबाईने तिच्या उजव्या बरगड्यांखाली प्रोब टेकवला. तिथे यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना चिकटून असतात. माणूस आडवा असताना पोटात रक्त वाहिले तर ते बहुधा याच फटीत येऊन साचते. पडद्यावर काळे दिसले.

"ही ह्याचीच पट्टी," घाईबाई सिस्टरला म्हणाली. तीन सेकंदांचे चित्र साठवले आणि कागदावर लिहिले, 'पोटात रक्त नाही.' नवऱ्याने आपल्या रुमालाने बायकोच्या पोटावरचे तपासणीचे चिकट जेल पुसले. दोघांना बाजूच्या खोलीत थांबायला सांगितले.

दीड तासाने तिने पाणी मागितले आणि ते हातात येण्याआधीच ती कोसळली. डाव्या बरगड्यांखालची तिची प्लीहा फाटली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीतून ती परत आली नाही.

गुरुवारी ते चित्र भिंतीवर लागले. कुणी हसले नाही. शेवटच्या सेकंदाला घाईबाईचा हात थोडा सरकला होता. मॅडमनी तो सेकंद पुन्हा पुन्हा लावला. हात सरकला तेव्हा एक पट्टी जागची हलली नाही. ती माझी होती. तिच्याआडून दुसरी, बारीक आणि तिरकी, यकृताबरोबर सरकली. ते रक्त होते. पट्ट्या दोन होत्या.

घाईबाईने तोंड ओंजळीत धरले. मॅडम म्हणाल्या, "हिच्या एकटीच्या नावावर लिहू नका. बघू नका, असं मीच सांगितलं होतं."

महिन्याभराने मॅडमनी त्या नवऱ्याला बोलावून घेतले. मी त्याच खोलीत उभे होते. त्यांनी त्याला काही न लपवता सगळे सांगितले, ते चित्रही माझ्या पडद्यावर लावून दाखवले. तो नीट बघत होता, बिघडलेले मशीन बघावे तसा.

"ही पट्टी किती दिवस होती?"

"सतरा."

"आणि कुणाला दिसली नाही?"

"सगळ्यांना दिसत होती," मॅडम म्हणाल्या.

त्याने मान हलवली. मग त्याची नजर माझ्या बाजूला गेली. त्याने खोबणीवरच्या चिकटपट्टीवर बोट ठेवले.

"हे अजून तसंच आहे?"

त्याचा हात सवयीने खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला. मग त्याने तो हात खाली घेतला आणि निघून गेला. मॅडम खाली बसल्या आणि नखांनी ती चिकटपट्टी सोलून काढू लागल्या. आतला डिंक वर्षाचा होता. लवकर निघेना.

आता मी शिकवण्याच्या खोलीत असते. माणसांना मला लावत नाहीत. नवा विद्यार्थी आला की मॅडम पहिल्या दिवशी ते तीन सेकंद लावतात आणि विचारतात, "पट्ट्या किती?" पुष्कळजण एकच सांगतात. मग त्या हात हलवायला शिकवतात. विभागात आता काही बिघडले की त्याला त्याच दिवशी लाल फीत बांधून बाहेर काढतात. हा नियम चांगला आहे, पण तो उशिरा झाला.

मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही. मला जेवढे दाखवता आले तेवढे मी दाखवत होते, आणि तुमची माणसे त्याला सरावली. तुमच्याकडेही काहीतरी चिकटपट्टी लावून चालवलेले असेल. ते आज नीट करा. आणि घरात कुणाला माळ्यावरचा डबा काढून द्यायचा राहिला असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी उठा आणि तो काढून द्या.