पाचवी खुर्ची

उत्तरेकडच्या त्या काउंटीत माणसांपेक्षा तळी जास्त होती आणि तळ्यांपेक्षा डास. तिथल्या रस्ते विभागात एकनाथ सबनीस नकाशे काढायचा. ब्याऐंशी साली शिकागोतली नोकरी गेली, तेव्हा हीच एक हाताला लागली. दोन वर्षं काढू आणि परत येऊ, असं नीलाला सांगून तो निघाला. नीलाची बँक आणि सुमेधाची शाळा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, म्हणून त्या दोघी तिथंच राहिल्या. दोनाची चार वर्षं झाली. रविवारी फोन व्हायचा. सुमेधा "आय ॲम फाइन, बाबा" म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची.

तो राहायचा लार्च टाउनशिपमध्ये. टाउनशिप म्हणजे इमारतींची वसाहत नव्हे. शंभर वर्षांपूर्वी सरकारी मोजणीदारांनी पट्टी लावून आखलेला, सहा मैल लांब नि सहा मैल रुंद असा जंगलाचा चौकोन. त्या छत्तीस चौरस मैलांत माणसं तेरा. तरी त्यांचं स्वतःचं सरकार होतं: तीन सुपरवायझर, एक ट्रेझरर, एक क्लार्क. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सगळ्यांनी लाकडी टाउन हॉलमध्ये जमायचं, बर्फ कोण काढणार, दफनभूमीचं गवत कोण कापणार हे हात वर करून ठरवायचं आणि मग घरून आणलेलं एकत्र जेवायचं. एकनाथ बटाट्याची भाजी न्यायचा. सगळी टाउनशिप ती काट्या-सुरीनं खायची.

क्लार्क होती हेल्मी लाहती. वय अठ्ठ्याहत्तर, क्लार्क होऊन एकतीस वर्षं झालेली. एकनाथच्या पहिल्याच हिवाळ्यात नळ गोठून फुटले, तेव्हा चार मैलांवरून ही बाई अवजारांची पेटी घेऊन आली, नळ जोडले आणि वर त्यालाच कॉफी करून देऊन गेली. तिला एवढं लांब नाव जमेना, म्हणून ती त्याला 'एक' म्हणायची. त्याच्यापुरतं ते खरंही होतं. पुढे तिचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून सभेचा वृत्तान्त तोच लिहायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्या सभेत एकनाथनं कधीच हात वर केला नव्हता. लिहिणाऱ्याचा हात वहीवर असतो, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तो सिटिझन नव्हता. अर्ज करायला केव्हाच पात्र झाला होता, फॉर्मही कपाटाच्या खणात होता, पण इथलं नागरिकत्व घ्यायचं तर तिकडचं सोडावं लागतं. पुण्याजवळ धायरीला प्लॉट घेऊन ठेवला होता. पुढच्या वर्षी परत जायचंच आहे, मग कशाला? हे 'पुढच्या वर्षी' अठरा वर्षं चाललं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्यात तर घरोघरी आहेत.

शहाऐंशीच्या जानेवारीत ट्रेझरर वॉल्टर वारला. काउंटीचं पत्र आलं: मार्चच्या सभेत पाचवी जागा भरा, नाहीतर टाउनशिप बरखास्त. बरखास्त झाली की कुठल्या रस्त्यांवरचा बर्फ काढणं बंद होणार, ती यादी एकनाथच्याच टेबलावर आली. पहिलाच रस्ता हेल्मीचा. रस्ता नाही म्हणजे हिवाळ्यात घर नाही, आणि घर नाही म्हणजे गावातलं नर्सिंग होम. उरलेल्यांत कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी हिवाळाभर ॲरिझोनात, कुणी आधीच नाही म्हणून बसलेलं. सगळे त्याच्याकडेच बघणार, हे त्याला कळत होतं. त्यानं फोनवर नीलाला सांगितलं.

"अहो, आत्ताच सांगून टाका त्यांना," ती म्हणाली. "आणि तो फॉर्म भरा एकदा. किती दिवस प्लॉट प्लॉट करणार आहात?"

त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. मार्चपर्यंत कुणीतरी तयार होईल अशी आशा करत बसला.

सभेला नऊ जण आले. हेल्मीनं त्याचं नाव सुचवलं आणि खोलीतले सगळे हात वर गेले. कुणाला विचार करावासाही वाटला नाही.

"पेन खाली ठेव, एक," हेल्मी म्हणाली. "आता शपथ घ्यायची."

"मला घेता येणार नाही. मी सिटिझन नाही."

हात एकेक करून खाली आले. हेल्मीनं चष्मा काढला.

"या देशात किती वर्षं झाली तुला?"

"अठरा."

"जानेवारीत का नाही बोललास? दुसऱ्या कुणाच्या हातापाया पडलो असतो."

तो म्हणाला की दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी परत जाऊ.

"माझे वडीलही हेच म्हणायचे," हेल्मी म्हणाली. "परत जायला भरून ठेवलेली त्यांची पेटी अजून माझ्या माळ्यावर आहे. आणि त्यांना इथंच मागे पुरलंय."

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. सगळे जेवले, त्याची भाजीही संपली. पाचवी जागा रिकामी, असं त्यानं वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

जूनमध्ये टाउनशिप बरखास्त झाली. नकाशावरचं नाव खोडायचं काम अर्थातच त्याच्याकडे आलं. ब्लेडनं अक्षरं खरवडून त्यानं तिथं काउंटीनं दिलेला क्रमांक लिहिला, ६२-२०. सप्टेंबरात, बर्फ पडायच्या आत, त्यानंच हेल्मीला नर्सिंग होममध्ये नेऊन सोडलं. वडिलांची पेटी तिनं बरोबर घेतली. खोली लहान होती, पेटी दारामागे जेमतेम मावली.

"फॉर्म भरलास?" तिनं विचारलं. तो म्हणाला, भरतो. "आज भर," ती म्हणाली.

घरी येऊन त्यानं खणातून फॉर्म काढला. नाव लिहिलं, जन्मगाव लिहिलं. राहण्याचं ठिकाण या रकान्यात सवयीनं 'लार्च' लिहून गेला, मग थांबला. त्या नावाचं ठिकाण आता नव्हतं. त्यानं त्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ६२-२०.