माझा ‘सा’ उंदराने खाल्ला

मित्रांनो, टेबलाच्या खणात, वाळलेल्या शाईच्या पॅडाशेजारी लाकडी मुठीचा जो रबरी शिक्का पडलाय ना, तो मी. आता म्हातारा झालोय, पण माझाही एक काळ होता हो!

नाशिकात विद्यापीठाच्या अनुदानावर ‘काठ’ नावाचं वाङ्मयीन त्रैमासिक निघतं. त्याच्यासाठी मेनरोडवरच्या एका दुकानात माझा जन्म झाला. अंगावर दोनच शब्द: साभार परत. म्हणजे तुमचं लिखाण आम्ही आभार मानून परत करतो. नकारच तो, पण हात जोडून दिलेला. सगळं जग ईमेलवर गेलं, तरी आमच्याकडे हस्तलिखित पोस्टानेच घ्यायचा नियम. तो बदलायला समितीची बैठक हवी, आणि बैठकीला कधी पुरेशी माणसंच जमत नाहीत. त्यामुळे माझी चंगळ! किती विरह आणि किती चांदण्या रात्री मी घरोघर परत धाडल्या, त्याला गणतीच नाही. कार्यालयातली साळूबाई मला असा हाणायची की टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत उंदीर शिरला. समीक्षेच्या गठ्ठ्याला त्याने तोंड लावलं नाही, जाणकार होता मेला! माझा मात्र कोपरा कुरतडला आणि माझा ‘सा’ गेला. गवयाचा सा लागला नाही तर मैफल थांबते. माझा गेला तर कुणाला पत्ताच नाही. संपादक मालिनी मॅडम परतीच्या चिठ्ठ्यांवर आधीच सह्या करून ठेवायच्या, साळूबाईचा चष्मा कायम घरी, आणि मी आपला इमानेइतबारे छापत राहिलो: ‘भार परत’.

याच दिवसांत गोरक्षची गोष्ट आली. गोरक्ष मूळचा सिन्नरकडचा, सातपूरच्या कारखान्यात लेथवर कामाला. आयुष्यभर विड्या वळलेल्या आपल्या आईवर त्याने बावीस पानं लिहिली होती. तिच्या डोळ्यांदेखत ती छापून यावीत, एवढंच त्या बापड्याचं मागणं. पण पहिली तीन पानं गोदावरीवर सूर्य उगवत होता, आणि तो काही केल्या पुरता वर येईना. मॅडम तिथेच दमल्या. “साळूबाई, हे परत.” ठप्प!

आता लेथवाल्याला ‘भार परत’ म्हटल्यावर तो काय समजणार? मशीनवर भार जास्त झाला की कमी करायचा, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. त्याने सूर्योदय छाटला. चौदा पानं आली. आता सुरुवातीलाच नशिबावर भाषण होतं, म्हणून तीही परत. मग सात आली. मॅडमनी नुसतं नाव वाचलं, “अगंबाई, सूर्योदयवाले!” म्हणाल्या आणि पान न उलटता माझ्याकडे सरकवली. मला वाईट वाटलं, पण शिक्क्याला विचारतो कोण?

चौथ्या वेळी पहिली पाळी सुटल्यावर गोरक्ष स्वतःच आला. हातात दोन पानं.

“मॅडम, हे शेवटचं. जमलं तर जमलं, नायतर आजपासून लिहिणं बंद. तुम्ही सांगितला तेवढा भार काढला. आता अजून काढला तर आईच जाईल यातून.”

“कसला भार?” मॅडमना काही उमगेना. पण माणूस समोर उभा, म्हणून वाचायला लागल्या.

मित्रांनो, मीही वाचलं. आईच्या हातांना तंबाखूचा वास येतो म्हणून मुलगा शाळेतून भाकरी तशीच परत आणतो. दुसऱ्या दिवसापासून आई शेजारणीकडून भाकऱ्या थापून घेते, बदल्यात तिच्या वाटच्या सगळ्या विड्या स्वतः वळते, म्हणजे तिच्या हाताला तंबाखू लागायला नको, आणि मुलाला कधीच सांगत नाही. बस, एवढंच. मॅडमनी चष्मा काढला. बोलेचनात.

मॅडम गप्प म्हणजे परत, हे साळूबाईला पाठ. तिने मला उचललं. माझा जीव खाली-वर! अहो, मला तोंड आहे, पण ओरडता कुठे येतं?

“अहो, थांबा!” मॅडमनी हात मध्ये घातला. ठप्प!

मी त्यांच्या हातावर उमटलो. मॅडमनी हात डोळ्यांजवळ नेला, वाचलं, आणि चेहरा पडला. “साळूबाई, यातला ‘सा’ कुठंय?”

“मला काय माहीत मॅडम? मी नुसती दाबते.”

“चुकलं हो आमचं,” मॅडम गोरक्षला म्हणाल्या. “आम्ही आभार मानत होतो. भार कमी करा, असं म्हणायचं नव्हतं.”

“म्हणजे उगाच कापलं? मग ती कापलेली वीस पानं परत जोडू का?”

“नको, नको!” मॅडम खुर्चीतून उठल्याच. “एक अक्षर जोडू नका. हीच छापते. पण इतकी चांगली आई आधी का नाही लिहिलीत?”

“लिहिली होती की,” गोरक्ष म्हणाला. “एकोणिसाव्या पानावर.”



गोष्ट आईच्या डोळ्यांदेखत छापून आली. नवा शिक्काही आला. पण मला कुणी टाकलं नाही. कुणा विद्वानाचा चाळीस पानी लेख आला की साळूबाई हळूच विचारते, “मॅडम, ‘सा’वाला मारू का बिगर ‘सा’वाला?” त्या दोघी हसतात आणि मला जरा बरं वाटतं.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. उद्या तुमच्यापुढेही कुणी काही लिहून ठेवील. परत करायचं तर खुशाल करा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. कुणाची तरी आई एकोणिसाव्या पानावर वाट बघत बसलेली असते.