वाचकपसंतीची पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही, औषधांचीही नाही. नागपुरातल्या एका दैनिकाच्या दारात मला टांगलं होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या अंगावर लाल रंगात लिहिलं होतं, 'वाचकपसंती'.

माझा जन्म इतवारीतल्या एका सुताराकडचा, उरलेल्या सागवानातून. "तोंड लहानच ठेवलं गा," तो म्हणाला होता, "नाई तं लोकं बिड्यांचे थोटकं टाकतीन." त्या लहान तोंडानं मला कधी स्वस्थता लाभू दिली नाही.

रविवारच्या पुरवणीत चार सदरं होती: भविष्य, सिनेमा, पाककृती आणि शरच्चंद्र घाट्यांचं 'शहराची झडती'. वाचकानं पुरवणीतलं कुपन कापायचं, आवडत्या सदरावर खूण करायची आणि ते माझ्यात टाकायचं. दिवाळीपर्यंत ज्याची कुपनं सर्वांत कमी, ते सदर बंद. कल्पना संपादक वसंतरावांची. "आता वाचकच ठरवेल," ते म्हणत. जणू आधी म्हशी ठरवत होत्या.

घाटे जुने बातमीदार, जिभेचे फटकळ. तेव्हा ते प्रताप नगरकडच्या एका ले-आउटवर, म्हणजे प्लॉट पाडून विकायला काढलेल्या जमिनीवर, लिहीत होते. तिथे एकच प्लॉट दोघातिघांना विकलेला. घेणाऱ्यानं कोणते कागद मागावेत, कोणत्या कचेरीत जावं, सारं सोप्या भाषेत. विकणाऱ्याचं नाव तेवढं राहिलं होतं; पुरावे हाती येताच, दिवाळीनंतरच्या भागात ते छापायचं होतं. सदर बंद पडलं, तर तो सुटणार होता.

दर सोमवारी माझं कुलूप उघडे. भविष्याचा ढीग, सिनेमाचा ढीग. घाट्यांची कुपनं मुठीत मावत. मग घाटे स्वतः मला खडाखडा हलवत, कुठे काही अडकलंय का म्हणून आत बोट फिरवत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. पेटीला स्वतःहून काही आणता येत नाही हो.

"घाटे, जरा चटपटीत लिहा," वसंतराव म्हणत.

"लिहितो की. 'कन्या राशीनं प्लॉट घेऊ नये.' चालेल?"

दिवाळीच्या तोंडावर भागीरथाबाई आल्या. भाजी विकून त्यांनी त्याच ले-आउटमध्ये प्लॉट घेतला होता. पुरवणीचं पान हातात धरून त्या माझ्यासमोर ते नुसतं उलटसुलट करत राहिल्या. घाटे दारातच उभे होते.

"काय झालं बाई?"

"घाटेसायबाले मत द्याचं हाय भाऊ. पण कापू कशी? कुपनाच्या मांगं त्यायचाच लेख हाय. कुपन कापलं का कोणते कागद मागाचे, थेच जाते."

घाट्यांनी पान उजेडाकडे धरलं. कुपनाच्या बरोब्बर पाठीमागे त्यांचं सदर. दर रविवारी पानं अशीच लागत होती, आणि ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. घाट्यांच्याही नाही.

"आमच्याकडं कोणीच नाई कापत," बाई म्हणाल्या. "सारे जपून ठेवून राहिले. शोभाताईनं तं देवाच्या फोटोमांगं ठेवलं."

घाटे त्यांना घेऊन थेट आत गेले. दारावरून मला सगळं ऐकू येत होतं.

"खरं असेल," वसंतराव म्हणाले. "पण जाहीर केलेला नियम मध्येच कसा बदलू? उद्या सिनेमावालाही म्हणेल, माझ्यामागे काहीतरी होतं."

"म्हणजे ज्यानं लेख फाडला त्याला मत, आणि ज्यानं जपला त्याला नाही?"

"पेटीत पडलं तेच मत, घाटे."

सदर बंद झालं. घाट्यांनी राजीनामा फेकला आणि जाताना मला खिळ्यावरून उपटलं. कोणी अडवलं नाही.

पुढच्या रविवारी ले-आउटवर नव्या प्लॉटांची विक्री होती. मंडप, चहा, रंगीत नकाशा. घाट्यांनी मला मातीत उपडं ठेवलं, वर चढले आणि पुरावे जुळलेला, पण न छापलेला भाग खड्या आवाजात वाचला, नावासकट. प्लॉट विकणाऱ्याचा एक माणूस अंगावर धावून आला. भागीरथाबाई आडव्या झाल्या. "वाचू दे त्यायले. तुले काहून झोंबून राहिलं?"

माझा तळ कडकन फुटला. पण तोवर गिऱ्हाइकं सायकली वळवू लागली होती.

आता मी भागीरथाबाईंच्या घरी असते. माझ्यात कांदे ठेवतात. फुटक्या तळातून हवा लागते म्हणे. प्लॉटचा खटला अजून चालूच आहे. घाटे येतात, चहा पितात आणि कुरकुरतात, "बाई, तुमच्या कितीतरी आधी एकानं जरी येऊन सांगितलं असतं!"

म्हणून तुम्हाला विनवते. कुपन कापा, नका कापू. पण एखादं लिहिणं कामी आलं, तर लिहिणाऱ्याला गाठा, भर चौकात त्याची सायकल थांबवून सांगा. जपून ठेवलेल्या कागदाचा आवाज होत नाही, आणि तिकडे तो माणूस रिकामी पेटी हलवत बसतो.